घर घ्यायचे आहे? आधी पाणी कुठे जाते ते पाहा

बैल विकत घ्यायचा असला तर आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. खूर उचलून बघतो. पाठीवर थाप मारतो. चार पावले चालवून पाहतो. मालक कितीही गोड बोलला, तरी बैल चालवल्याशिवाय आपण कनवटीचा पैसा काढत नाही.

आणि घर घेताना? ओटीवर बसतो. चहा पितो. भिंतीचा रंग पाहतो. "जागा हवेशीर आहे" म्हणतो, आणि इसार देऊन मोकळे होतो. बैल पाच-दहा वर्षांचा सोबती. घरात आपली नातवंडे वाढायची असतात. तरी घराचे दात कोणी पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. ती फजिती आधी सांगतो.

१९९१ साली मी रत्नागिरी तालुक्यात एक जुने घर घेतले. वैशाख महिना होता. शाळेला सुटी होती. घराला नुकताच चुना काढलेला. जमीन सारवून वर रांगोळी घातलेली. मालकाने ओटी दाखवली, माजघर दाखवले, परसातले दोन फणस दाखवले. मी माळ्याकडे पाहिले, तर म्हणाला, "शिडी शेजाऱ्याने नेली आहे." मी गप्प बसलो. मास्तर माणूस, फार चौकशी केली तर बरे दिसणार नाही असे वाटले. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेले पैसे आणि आमच्या मंडळींच्या पाटल्या मोडून आलेले पैसे, सगळे त्याच्या हातावर ठेवले.

मृग लागला. आठ दिवसांत मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली. आर्द्रात चुन्याचे पोपडे गळू लागले. मग एका रात्री माळ्यावरून करकर असा आवाज आला. सकाळी शिडी आणून वर गेलो. एका तुळईचे भिंतीत शिरलेले टोक वाळवीने खाल्ले होते. वरून लाकूड काळेभोर, तेल दिल्यासारखे. अंगठ्याने दाबले, तर अंगठा आत गेला!

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत आम्ही चौघे ओटीवर झोपलो. वारा फिरला की मुले अंथरुणात उठून बसत. पुढच्या दोन वर्षांत दुरुस्तीला घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला. पाटल्या काही पुन्हा झाल्या नाहीत.

त्या मालकाला मी नावे ठेवत नाही. त्याला विकायचे होते. पाहायचे काम माझे होते.

कोकणातल्या घराचा वैरी

आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही. असे समजा, की पडलेला सगळा पाऊस वाहून न जाता जागीच साठला. मग अंगणात जवळजवळ दहा फूट पाणी उभे राहील. आणि हे सगळे चार महिन्यांत. घाटावर कित्येक गावांत मातीचे धाबे घालून पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आपल्याकडे तसे घर एक पावसाळा काढणार नाही.

म्हणून आपल्याकडे घर पाहायचे म्हणजे पाणी पाहायचे. पावसाचा थेंब आढ्यावर पडला. तिथून तो कौलावरून खाली आला. वळचणीवरून पागोळी होऊन पडला. मग कुठे गेला? गटारातून बाहेर गेला, की जोत्याखाली मुरला? या थेंबाच्या मागोमाग वरून खाली चालत यावे. वाटेत घराची दुखणी आपोआप दिसतात.

घर पाहायचा खरा महिना आषाढ. पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन जावे. त्या दिवसांत घराला खोटे बोलता येत नाही. पण विकणारा बहुधा उन्हाळ्यात दाखवतो, आणि घेणाराही उन्हाळ्यातच मोकळा असतो. उन्हाळ्यात गेलात तर पाणी दिसणार नाही. पाण्याची पावले दिसतील. ती ओळखता आली पाहिजेत.

दोन वर्षांमागे माझा एक जुना विद्यार्थी मुंबईची नोकरी संपवून गावी आला. नोकरी सुटताना एकरकमी पैसे मिळाले होते. आयुष्याची तेवढीच पुंजी. त्याने एक घर पाहून ठेवले होते. मला म्हणाला, "गुरुजी, घर पसंत आहे. तुम्ही नुसते बघून घ्या. सोमवारी इसार द्यायचा आहे."

मी म्हटले, "अरे, आधी बघू. मग सोमवार ठरवू."

बरोबर आमच्या वाडीतले म्हातारे सुतार मेस्त्री घेतले. त्यांचा दिवसाचा रोज दिला. लाखांचे घर घेताना एका दिवसाचा रोज वाचवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना काय म्हणावे? मेस्त्रींच्या पिशवीत ओळंबा, लहान हातोडी, टोच्या आणि बॅटरी. एवढे पुरते. विद्यार्थ्याची बायकोही आली. तिला आणायचे त्याच्या मनात नव्हते. मी म्हटले, "सूनबाईला आण. घरात चोवीस तास तीच राहणार."

घर एका आजींचे होते. मुले मुंबईला. त्या एकट्याच राहत. आम्ही ओटीवर टेकतो न टेकतो तोच आजी म्हणाल्या, "चहा मागाहून. आधी माळ्यावर जा. शिडी लावून ठेवली आहे." मला तीस वर्षांमागची ती शेजाऱ्याने नेलेली शिडी आठवली!

आढे, वासे आणि कौले

घर प्रथम लांबून पाहावे. अंगणाच्या टोकाला उभे राहून आढ्याची रेघ बघावी. ती सरळ हवी. म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखी मध्ये खचली असेल, तर आतले लाकूड वाकले आहे किंवा कुठला तरी खांब खाली बसला आहे असे समजावे.

मग माळ्यावर जावे, भर दुपारी, आणि बॅटरी विझवून अंधारात उभे राहावे. कौलांतून उन्हाचे कवडसे आले की समजावे, तिथून पाऊसही येतो. एखादे फुटके कौल ही काही मोठी गोष्ट नाही. ते बदलता येते. पण वाशावर काळे ओघळ असतील, तर तिथे अनेक वर्षे पाणी झिरपले आहे. त्या जागचे लाकूड टोचून बघावे. खाली मातीच्या जमिनीत थेंबांचे लहान लहान खळगे पडलेले असतात. नुकते सारवले असले तरी हात फिरवला की ते कळतात.

जुन्या घरांवर कुंभाराने केलेली नळीची कौले असत. ती दर वर्षी पावसाच्या आधी चाळावी लागतात. याला आपण शाकारणी म्हणतो. माकडे आली की पुन्हा चाळा! मंगलोरी कौले आली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला. ती एकमेकांत अडकून बसतात. बोटाच्या पेराने कौल वाजवून पाहा. खणखणीत वाजले तर चांगले. बद्द वाजले तर त्याला चीर आहे.

वळचण भिंतीच्या बाहेर चांगली लांब आलेली असावी. आखूड वळचणीची पागोळी जोत्यावरच पडते, आणि जोरकस झड भिंतीवर येते. म्हणूनच पावसाच्या तोंडाला असलेल्या अंगाला आपली माणसे माडाचे झाप बांधतात.

छप्पर भिंतीला नीट जखडलेले आहे का, हेही पाहावे. छपराचे ओझे खालीच दाबते, मग ते बांधायचे कशाला, असे आपल्याला वाटते. पण वादळात वारा छपराखाली शिरतो आणि ते वर उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. तेव्हा दापोली-मंडणगड भागात कितीतरी घरांची कौले आणि पत्रे उडून गेले. वासे भिंतीवर नुसते ठेवलेले आहेत, की पट्टीने, खिळ्याने, बोल्टाने पक्के केले आहेत, ते बॅटरी लावून पाहावे.

लाकूड

मेस्त्री माळ्यावर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. वरून नुसता टक्‌टक्‌ आवाज येत होता. ते एकेक तुळई वाजवत होते. मला वर बोलावले. म्हणाले, "गुरुजी, ऐका." मधली तुळई वाजली, ती टणक. तीच तुळई भिंतीजवळ वाजवली, तर आवाज पोकळ. टोच्या लावला. तो लोण्यात जावा तसा दोन बोटे आत गेला. अशा दोन तुळया निघाल्या.

लाकूड मध्ये सहसा कुजत नाही. ते भिंतीत जिथे शिरते तिथे कुजते. तिथे वारा नाही, ओल आहे. म्हणून तुळईचे टोक, दाराच्या चौकटीचा पाय आणि खांबाचा तळ, या तीन जागा कधी चुकवू नयेत. खांब दगडी तळखड्यावर उभा असेल तर उत्तम. मातीतच रोवला असेल तर वाळवीला ते आमंत्रण.

वाळवी जमिनीतून येते. तिला उजेड सोसत नाही. म्हणून ती भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या करीत वर चढते. त्या नळ्या शोधाव्यात: कोनाड्याच्या मागे, देवघराच्या फळीखाली, कपाट सरकवून. मालक त्या झाडून टाकतो, पण भिंतीवर मातकट रेघ राहते. भिरूड निराळा. तो लाकडाच्या आतच राहतो आणि मोहरीएवढी भोके पाडतो. भोकाखाली पांढरे ताजे पीठ पडले असेल तर किडा जिवंत आहे. नुसती जुनी भोके असतील, पीठ नसेल, तर किडा बहुधा कधीच गेला. मग लाकूड किती उरले आहे एवढेच पाहायचे.

लाकूड कोणते आहे, तेही विचारावे. साग, ऐन, किंजळ ही टिकाऊ. फणसाचे लाकूडही चांगले. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. ते तुळईला वापरले असेल तर त्या घरात किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

भिंत काय सांगते

आपली जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. हा दगड मोठा नवलाचा. खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा-ऊन लागले की कठीण होतो. दोनशे वर्षांपूर्वी बुकानन नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टराने मलबारात लोकांना तो असा कापताना पाहिला. लॅटिन भाषेत विटेला 'लेटर' म्हणतात. त्यावरून त्याने या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले. आपले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची घरे बांधत होते. पण नाव ठेवायचा मान त्याला मिळाला!

सगळा जांभा सारखा नसतो. घट्ट, तांबडालाल, वाजवला तर टणटण बोलणारा चिरा चांगला. ज्यात पिवळ्या-पांढऱ्या मातीचे डाग आहेत, नखाने खरवडले तर माती सुटते, तो कच्चा. पावसाने त्या डागांतली माती धुपते आणि चिऱ्याची चाळण होते. शिवाय जांभ्याला भोके असतात, म्हणून तो पाणी पितो. चिरे कशात बसवले आहेत, तेही बघावे. चुन्यात असतील तर भिंत पुष्कळ वर्षे जाते. मातीच्या गाऱ्यात असतील तरी चालते. पण मग त्या भिंतीला पाणी लागता कामा नये.

आता भेगा. भेग दिसली की काही लोक घाबरून पळतात, आणि काही तिच्यात चुना भरून मोकळे होतात. दोघांचेही चुकते. भेग ही घराची नाडी आहे. केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्याच असतात. त्यांची चिंता नको. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी गेलेली भेग मात्र सांगते, की एका बाजूचा पाया बसला आहे. दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग असेल, तर चिरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत; भिंती नुसत्या शेजारी उभ्या आहेत. छपराखाली आडवी भेग असेल, आणि भिंत बाहेर कलली असेल, तर वासे भिंतीला बाहेर ढकलत आहेत. भिंतीला ओळंबा लावावा. भिंतीने पोट काढले असेल, तर ते ओळंब्याला लगेच कळते.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असे आपण धरून चालतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या भागात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. तिथल्या घरांच्या भिंती आपल्याहून कितीतरी जाड होत्या. पण बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर मातीचे जड छप्पर. जमीन हलली आणि थर सुटे झाले. भूकंप लांब राहिला असे आपणही समजू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगालाच झाला. म्हणून भिंतीचे कोपरे बघावेत. एका थरातला चिरा या भिंतीचा, वरच्या थरातला त्या भिंतीचा, असे हाताची बोटे गुंफल्यासारखे चिरे बसवलेले असावेत.

आणखी एक विचारावे. या घरात कोणी मागाहून दार मोठे केले आहे का? भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली आहे का? मातीच्या गाऱ्यातल्या जुन्या भिंतींवर नवा मजला चढवला आहे का? मुंबईचे पैसे आले की असे उद्योग फार होतात.

आजींच्या घराला पडवीच्या कोपऱ्यात तिरकी भेग होती. नख शिरेल एवढी. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. आजी म्हणाल्या, "ती भेग माझ्या धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी पडली. पन्हळ तुटली होती. सगळी पागोळी त्या कोपऱ्यात पडायची. पन्हळ बदलली. नंतर भेग वाढलेली मला तरी दिसली नाही."

आजी खरे बोलत असतील. पण भेगेलाच विचारायची एक युक्ती आहे. मेस्त्रींनी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवली. दोन्ही टोके सिमेंटने भिंतीला चिकटवली. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकेल. काच नसेल तर कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते, ती फाटते.

ओल, आणि नवा रंग

नव्या रंगाला मी भितो. घर विकायला काढले आणि एकच भिंत रंगवली, तर ती भिंत आधी पाहावी. तळहात लावावा. गार लागते का? खाली वाकून वास घ्यावा. कुबट येतो का? जमिनीपासून हातभर उंचीवर पांढरे पीठ आले आहे का? तो लोणा. भिंत खालून पाणी पिते. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी सुकते, क्षार पृष्ठावर राहतात आणि गिलावा फोडतात.

अशा भिंतीला बरेच जण सिमेंटचा गिलावा करतात. तो दिसतो छान. पण जुन्या मातीच्या नि चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट त्याने बुजते. मग ओल आणखी वर चढते. ओलीला औषध भिंतीवर नाही, भिंतीखाली आहे: जोते उंच हवे, आणि पागोळीचे पाणी घरापासून लांब नेणारा चर हवा.

रत्नागिरी शहरात टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म १८५६ साली झाला, ते घर आता स्मारक म्हणून जतन केले आहे. उतरत्या कौलारू छपराचे, जुन्या कोकणी पद्धतीचे घर. तिथे गेलात तर हात जोडाच. पण छपराचा उतार आणि वळचणही पाहून या.

स्लॅबचे घर असेल तर

आता गावोगाव स्लॅबची घरे झाली आहेत. त्यांना वाळवीचे भय कमी, पण गंजाचे जास्त. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की सिमेंट फोडते. समुद्राकाठी खारा वारा असतो. त्यातून कोणी खाडीची खारी वाळू न धुता वापरली असेल, तर मीठ सळईपर्यंत पोहोचलेच. छताकडे वर पाहावे. तांबूस डाग, सळईच्या रेघेने गेलेली लांब भेग, फुगवटा, यांतले काही दिसले तर हातोडीने हलके वाजवावे. पोकळ आवाज आला तर वरवरच्या गिलाव्याने भागणार नाही. वाळू कुठून आणली, हे मालकाला स्पष्ट विचारावे. असे घर गवंड्याच्या भरवशावर घेऊ नये, इंजिनिअरला दाखवावे.

घराखालची आणि मागची जमीन

घर चांगले आणि जागा वाईट, असेही होते. आपल्याकडे डोंगर तासून जागा सपाट करतात. घराच्या पुढचा भाग पुष्कळदा भरावावर असतो, आणि पाठीशी कापलेली दरड. कठीण जांभ्याच्या खाली कित्येक ठिकाणी पांढरट-पिवळट चिकण माती असते. पावसाचे पाणी तिच्यापर्यंत गेले की ती साबणासारखी होते. जुलै २०२१ मध्ये खेड तालुक्यात पोसरे गावी डोंगर खाली आला आणि माणसे घरांसकट गाडली गेली. घराच्या वरच्या अंगाला चढून जावे. जमिनीला लांब भेगा आहेत का? झाडे एका बाजूला कलली आहेत का? दरडीतून एरवी स्वच्छ येणारे पाणी गढूळ येते का? यांपैकी काही असेल, तर ते घर फुकट मिळाले तरी घेऊ नये. याला मी दुसरा उपाय सांगत नाही.

नदीकाठी पूर किती येतो ते विचारावे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. तशा ठिकाणी भिंतीवर पाण्याची रेघ शोधावी. रंगाखाली झाकली असेल तर दाराच्या मागे, कपाटामागे सापडते.

आजींच्या घराची ही चौकशी सूनबाईने केली. आम्ही भिंती ठोकीत होतो, तेव्हा ती शेजारणीबरोबर विहिरीवर गेली. परत आली आणि म्हणाली, "गुरुजी, वरच्या बाजूचे पाणी पूर्वी गडग्याच्या पलीकडून जायचे. चार वर्षांपूर्वी वरच्या शेताची बांधबंदिस्ती केली. आता ते मागच्या न्हाणीघराशी येते. पावसात तिथे घोटाभर पाणी असते." हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या ध्यानात आले नव्हते. मागे जाऊन पाहिले, तर न्हाणीघराच्या भिंतीला हिरवी शेवाळी होती, चैत्रातसुद्धा.

इसार कधी दिला

सोमवारी इसार दिला नाही. आजींना सगळे समोर बसून सांगितले. दोन तुळया बदलायला हव्यात, मागे चर खणायला हवा, भेगेचा भरवसा पावसानंतर. मेस्त्रींनी लाकूड आणि मजुरी मिळून खर्चाचा आकडा काढला. तो कागदावर लिहिला. घराचा भाव ठरवण्याआधी हा आकडा हातात असावा. नंतर सांगितला तर तो रडगाणे होतो.

आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाऊस बघून ये. घर कुठे पळून जात नाही." विद्यार्थ्याने त्यांच्या परवानगीने वैशाखात मागचा चर स्वतः खणला. वरचे पाणी पुन्हा गडग्यापलीकडे काढून दिले. घर अजून त्याचे झाले नव्हते, तरी खणला. लोक हसले.

कागदपत्रांचा धडा वेगळा आहे. सातबारा, घरपट्टीचा उतारा, सगळ्या वारसांच्या सह्या, हे त्याने वकिलाकडून त्याच काळात पाहून घेतले. मुंबईच्या मुलांची संमती लेखी आली.

श्रावणात आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी पाऊस असा होता, की समोरचे माड दिसत नव्हते. ओटीवर छत्र्या ठेवल्या आणि आधी पडवीचा कोपरा गाठला. काचेची पट्टी अखंड होती. पेन्सिलीची तारीखही तशीच. न्हाणीघराची भिंत ओली होती, पण घोटाभर पाणी नव्हते. चर भरून वाहत होता. माळ्यावर दोन ठिकाणी गळत होते. ती कौले मेस्त्रींनी खडूने खुणावून ठेवली.

खर्चाचा आकडा वजा करून भाव ठरला आणि इसार दिला. आजींनी एकच अट घातली. यंदाचा गणपती याच घरात बसवीन, आणि मग मुलाकडे जाईन. गणपती बसला. विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी मेस्त्रींनी तुळयांना टेकू लावले.